सिंधुआक्काची आवडनिवड

जेवण झालं की सिंधु स्वतःचं ताट घासून पालथं घालायची, आणि भावजयीचं, शिल्पाचं, तोंड उतरायचं. पण सवय पंचवीस वर्षांची होती. भूकंपात आईबाप गेले, तेव्हा मदत घेऊन आलेल्या मिशनच्या लोकांसोबत सिंधु निघाली ती थेट अरुणाचलच्या डोंगरात, लेकरांना शिकवायला. तिथं रोज कुणाच्या तरी घरी जेवायचं, पानात पडेल ते खायचं, आपलं ताट आपण घासायचं. आता गुडघे गेले. मिशननं शाल देऊन निरोप दिला आणि ती लातूरला धाकट्या भावाकडं, किशनकडं आली. दोन खोल्यांत कोचिंगच्या पोरी भाड्यानं, जेवणासकट, तिसरीत ती. स्वयंपाकघरातही विचारून शिरायची.

मिशनचं पत्र आलं होतं. थकलेल्या कार्यकर्त्यांसाठी नागपूरला आश्रम आहे, येणार का ते महिनाअखेर कळवा. आज एकतीस तारीख.

"जाते म्हणते," जेवताना ती म्हणाली. "तुम्हाला उगीच त्रास."

बोलली शिल्पाच.

"जा की. तुम्ही इथं आलात तरी कधी, आक्का? त्या पोरी बऱ्या, मीठ कमी म्हणून भांडतात तरी. तुम्हाला काय करू विचारलं की म्हणणार, काहीही चालेल. तुमच्यासाठी मी काय खानावळ चालवते का?"

"शिल्पा, बास," किशन म्हणाला.

"तुम्ही गप बसा. चौदा वर्षांचे होता, आक्का गेल्या तेव्हा. एका शब्दानं अडवलं का? दोघं बहीणभाऊ सारखेच."

"अडवलं असतं तर थांबली असतीस?" किशननं मान वर न करता विचारलं.

लोकांना धीर द्यायची कितीतरी वाक्यं सिंधुला पाठ होती. त्यातलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. तिला फार थकल्यासारखं झालं. शिल्पानं सवयीनं भाजीची पळी पुढं केली, तशी तिनं वाटीवर हात धरला.

"वांगं नको. मला वांगं आवडत नाही."

शिल्पाची पळी तशीच राहिली. "तीन महिने झाले, आठवड्यातनं दोनदा करते मी. हे म्हणाले, आक्काला लई आवडतं."

"आईनं केलं की वाटी पुसून खायचीस तू," किशन म्हणाला.

"आईला वाईट वाटू नये म्हणून."

"मग आवडतं काय?" शिल्पाचा आवाज अजून चढलेलाच होता.

सिंधुला बराच वेळ आठवावं लागलं.

"पिठलं. पण घट्ट."

"आता बसा मग," शिल्पा कुरकुरत उठली. "वेळ लागंल."

"लागू दे," सिंधु म्हणाली. "कुठं जायचंय मला."