माझी बातमी आधी मला

सकाळी उठल्यावर माझी बोटं तासभर तरी माझी नसतात. संधिवात, दुसरं काय! सगळा जन्म गेला लोकांच्या कपड्यांना हूक लावण्यात, आणि आता स्वतःच्या ब्रेसियरचा हूक लागत नाही म्हणून रोज सूनबाईकडे पाठ करून उभी राहते. "पुढून हूक असलेली शिवून घ्या ना, आई," ती म्हणते. अगं शहाणे, शिवता आली असती तर मागचा हूकच नसता का लावला?

त्या हुकापायीच गाठ सापडली. पट्टा सरळ करताना तिचा हात माझ्या काखेजवळ लागला आणि तिथेच थांबला.

"आई, हे काय?"

"काय असणार? वातच. माझ्या अंगात दुसऱ्या कुणाला जागा उरलीय का?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मला ओढतच दवाखान्यात नेलं.

तिथून जी फरफट सुरू झाली! छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काखेतली सूज संधिवाताचीही असू शकते, पण स्तनातही एक गाठ लागतेय, तिचा तुकडा काढून तपासायलाच हवा. तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना विचारून या. सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, गाठीचा निकाल लागेपर्यंत तुमचं इंजेक्शन बंद, त्याने प्रतिकारशक्ती कमी होते. मग हातांचं काय? तर म्हणे, ते छातीच्या डॉक्टर सांगतील. एकीला छाती दिसते, दुसऱ्याला सांधे. अख्खी बाई समोर बसलीय, ती कुणालाच दिसत नाही.

इंजेक्शन बंद झालं आणि आठवड्याभरात बोटं सुजून टम्म. कात्री धरवेना. कापायला घेतलेला कोट टेबलावर तसाच अर्धा पडून. गिऱ्हाईक दारात आलं की मी आत जाऊन बसायची आणि सूनबाई खोटं बोलायची. कॅन्सर असो वा नसो, माझे हात मात्र त्याने आधीच नेले होते.

त्यात आमचे हे! सोनोग्राफीच्या दिवशी मी आत कपडे सावरत होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी बाहेर यांना गाठून सगळं सांगून टाकलं. मी बाहेर आले तर म्हणतात, "काही नाही गं, होईल सगळं ठीक. पाणी हवंय का?" लग्न झाल्यापासून या माणसाने मला कधी पाणी विचारलं नव्हतं. तिथेच मी काय ते ओळखलं. गाठ माझी, छाती माझी, आणि बातमी यांना? घरी येऊन मी बजावून सांगितलं, की तुकड्याच्या रिपोर्टचा फोन माझ्याच नंबरवर येईल आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. माझी बातमी आधी मला.

फोन आला तो नेमका सकाळीच. हे न्हाणीघरात, सूनबाई माझ्या मागे, पट्ट्याची दोन टोकं तिच्या हातात. कापणीच्या टेबलावर फोन वाजायला लागला. मी अंगठा फिरवला, ढिम्म. बोट घासलं, तेही निसटलं. वाजून वाजून बंद पडणार मेला! सूनबाईचा हात पुढे आला.

"खबरदार!" मी ओरडले, टेबलावर वाकले आणि नाकाने फोन घेतला. तसाच गाल टेकवून कान लावला.

"घरातलं कुणी आहे का जवळ?" पलीकडून डॉक्टरीणबाई. "त्यांच्याकडे द्या जरा."

"नाही देणार. मला सांगा."

तिरक्या नजरेने मागे पाहिलं. सूनबाईने पट्टा सोडून दोन्ही कान गच्च दाबून धरले होते. डोळेसुद्धा मिटलेले.

"कॅन्सर आहे," बाई म्हणाल्या. "पण लहान आहे, लवकर सापडलाय. उद्या या, पुढचं ठरवू."

माझ्या गालाखाली त्या अर्ध्या कोटाचं कापड होतं. ते किती खरखरीत आहे एवढंच मला कळत होतं.

"बरं," मी म्हटलं. "आणि हातांचं इंजेक्शन कधी सुरू करू?"

"ते तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना विचारा."

"कपाळ माझं!" म्हटलं, आणि फोन बंद करायला पुन्हा नाकच टेकवलं.

"कुणाचा फोन गं?" न्हाणीतून यांचा आवाज आला. सूनबाईचे कान अजून बंदच होते, म्हणून तिला कोपराने ढोसलं.

"आहे," मी म्हटलं. "ज्याला भीत होतो तेच आहे. पण तुझ्यामुळे लवकर सापडलं म्हणे."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मलाही हुंदका आला, आणि त्या हुंदक्याचाही मला राग आला.

"नंतर रडू," मी पाठ केली. "आधी हूक लाव. यांना सांगायला जायचंय."

तिने पट्टा ओढला. एकदा निसटला, पुन्हा निसटला. तिची ती धडधाकट बोटं अशी थरथरत होती, की त्या दिवशी तिलाही हूक लागेना.