दुसऱ्या मजल्यावरचा समुद्र

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि मी घरात सहाशे लिटर समुद्र पाळते. हे ऐकलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. पंचवीस वर्षं मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या झाडून काढल्या. निवृत्त झाल्यावर मला काचेचं काहीतरी अखंड हवं होतं.

औरंगपुऱ्याच्या मागं आमची बारा फ्लॅटची इमारत आहे. माझी सहा फुटी टाकी दुसऱ्या मजल्यावर, बैठकीत, बरोबर बीमच्या वर. इंजिनिअरला दाखवून ठेवली आहे आणि त्याचा कागद फ्रेम करून शेजारी टांगलाय, कारण येणारा प्रत्येक पाहुणा मासे बघायच्या आधी पाय आपटून जमीन बघतो.

टाकी भरली तेव्हा आधी आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ, मग मुंबईहून खोक्यातून आलेले भोकाभोकांचे दगड. पुढचे दीड महिने आत एक मासा नव्हता. त्या दगडांवर सूक्ष्मजीव बसल्याशिवाय मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो. तेवढ्या दिवसांत माझ्या गुलमंडीतल्या नणंदेनं सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं, की फहमिदा दगडांना आंघोळ घालत बसते. मग एकेक करून प्रवाळ आले, दोन नारंगी मासे आले, लाल पट्ट्यांच्या कोळंब्या आल्या. प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, दगडही नव्हे, ते जिवंत जनावर आहे, हे मी चार वर्षांत शंभर जणांना तरी समजावलं असेल.

इमारतीचे सेक्रेटरी बद्रीनाथराव यांना कधीच समजलं नाही. त्यांच्या मते मी सगळ्यांचं पाणी माशांना घालत होते. मी त्यांना हिशेब सांगितला, की टाकी एकदाच भरली आहे. रोज वाफ होते ती सहा-सात लिटर, आणि मीठ काही उडून जात नाही, म्हणून तेवढं गोडं पाणी वरून घालायचं. महिन्याला थोडं पाणी बदलायचं. आरओतून जे वाया जातं त्यानं माझी फरशी आणि कपडे होतात. शिवाय पाण्याच्या दिवशी तुम्ही नळी लावून गाडी धुता, त्यात माझे मासे महिनाभर जगतील, हेही सांगितलं. हे शेवटचं त्यांना फार लागलं.

मार्चमध्ये माझ्या मुलीचं, जोहराचं, बाळंतपण निघालं. मला दहा दिवस परभणीला जावं लागलं. किल्ली मी तळमजल्यावरच्या मनकर्णाबाईंकडं दिली. त्या मूळच्या लासूर स्टेशनच्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, एकट्या राहतात. टाकीचं पाणी खाली ज्या खान्यात उतरून गाळलं जातं, तिथं पट्टी चिकटवून रेघ दाखवली, आरओच्या पाण्याचे कॅन मांडून ठेवले आणि रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी घालायला सांगितलं. दाणाही रोज चिमूटभर. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

परत आले तर मासे ठीक होते. कोळंबी एकही नव्हती. प्रवाळ मिटून बसले होते, काही पांढरे पडले होते. मी क्षार तपासले, अमोनिया तपासला, सगळं बरोबर. मग मनकर्णाबाईंना विचारलं, कॅन संपल्यावर काय घातलं? त्या दिवसांत उन्हाळा एकदम चढला होता, वाफ दुप्पट झाली होती आणि जलवाहिनी फुटल्यामुळं नळाची पाळीही चुकली होती.

"तांब्याच्या हंड्यातलं घातलं," त्या म्हणाल्या. "रातभर ठेवलेलं. ड्रममधलं कसं घालू त्यांला? त्याला ब्लिचिंगचा वास लई येतो."

माझ्याकडं तांबं तपासायची बाटली आहे. थेंब टाकले आणि रंग आला. तांबं माणसाला मानवतं, पण प्रवाळाला आणि कोळंबीला ते विष असतं. मला हे सांगायला हवं होतं. प्रयोगशाळेत उभं आयुष्य गेलेल्या बाईनं घरोघरी दिसणारा हंडा लक्षात घेतला नाही, ही चूक माझी. तेव्हा मात्र मी मनकर्णाबाईंवर तोंड सोडलं. काय काय बोलले ते आठवलं की आजही मान खाली जाते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या प्यायच्यातलं दिलं भाभी. मी ड्रममधलं उकळून पेले. मला वाटलं, मुकी जित्राबं, त्यांला तरी चांगलं पाणी मिळू दे."

मी खुर्चीत बसले आणि रडले. आधी त्यांच्यासाठी, मग कोळंब्यांसाठी.

वाचवायचं असेल तर एकच रस्ता होता. तांबं शोषणारा कोळसा घालायचा आणि दोनशे लिटर पाणी बदलायचं. पुढच्या पाळीला आरओ दिवसभर चालवून ते जमलं असतं. पण बातमी जिन्यातून खाली गेली आणि बद्रीनाथरावांनी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. एका म्हाताऱ्या बाईचं प्यायचं पाणी माशांनी खाल्लं, असं ते म्हणाले. टाकी पाण्याच्या पाळीआधी काढा, नाहीतर गच्चीवरचा तुमचा व्हॉल्व्ह बंद होईल. बाकी दहा घरांची माणसं मनकर्णाबाईंकडं बघायला लागली.

त्या उठल्या. "माझ्या हंड्यातलं पाणी मी कुणाला पाजायचं, ते मीटिंगीत ठरत नाय."

मीही उभी राहिले. म्हटलं, अर्धे प्रवाळ अजून जिवंत आहेत. टाकी हलणार नाही. व्हॉल्व्ह बंद करायचा तर करा.

त्यांनी खरंच केला. पाळीच्या दिवशी सगळ्या इमारतीत बादल्या वाजत होत्या आणि माझा नळ नुसता सुसकारे टाकत होता. गच्चीला कुलूप होतं. मी टाकीसमोर उभी राहिले. एका प्रवाळाची दोन बोटं उघडली होती, बाकी सगळे मिटलेले.

तेवढ्यात दारातून हिरवी नळी आत आली. तीन तुकडे जोडलेली, सांध्यांना सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या बांधलेली. नळीमागून मनकर्णाबाई आल्या, धापा टाकत. तळमजल्यावरची मोटर त्यांच्या स्वतःच्या कनेक्शनवर आहे. तिला कुणाचा व्हॉल्व्ह लागत नाही. नळीचं तोंड त्यांनी आरओला जोडलेल्या पिंपात सोडलं. पाणी आलं, पिंप तळापासून वाजायला लागलं, आणि दोन मिनिटांत थांबलं.

मोटर तर खाली चालूच होती. मी दारात आले. जिन्याच्या वळणावर बद्रीनाथराव उभे होते, हातात गच्चीची किल्ली, दोन्ही पाय नळीवर. मला ते म्हणाले, मॅडम, मीटिंगचं तुम्ही मानणार नाही का?

"नाही," मी म्हणाले. "नळीवरून पाय काढा, बद्रीभाऊ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मागं उभ्या मनकर्णाबाईंकडं बघितलं. जिन्यात दारं उघडून दोनचार माणसं बाहेर आली होती. मग त्यांनी एक पाय उचलला, आणि दुसरा.

आत पिंपात पाणी पडायला लागलं. मी दार लावलं नाही. त्यांना ऐकू दिलं.