आण्णांचं गाळणं

नेमिनाथ आण्णांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. भांडायला समोरच्यानं काहीतरी मुद्दाम केलेलं असावं लागतं, आणि ह्या माणसानं उभ्या आयुष्यात मुंगीसुद्धा मुद्दाम मारलेली नाही. पण राग येतो. रोज सकाळी येतो. तो कुणावर काढावा हे कळत नाही, म्हणून मी गॅरेजातले पाने आपटतो.

मी धनाजी. गाव म्हसवडच्या पुढं, दुष्काळी माण तालुक्यात. बापजाद्यांनी मेंढरं राखली, मी लष्करात ट्रक दुरुस्त केले. सुटून घरी आलो तर राखायला मेंढरं उरली नव्हती आणि दुरुस्त करायला गावात गाड्या नव्हत्या. मग इस्लामपूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून सम्मेदचं गॅरेज होतं, तिथं चिकटलो. सम्मेद हा आण्णांचा एकुलता एक. शिक्षण इंजिनियरिंगचं आणि वेड इंजिनाचं. ह्या दोन्ही गोष्टी एका माणसात क्वचित सापडतात. लष्करात मी बरेच साहेब बघितलेत, म्हणून सांगतो.

गॅरेजच्या मागं त्यांचं घर, घरामागं विहीर आणि विहिरीच्या पलीकडं ऊस. जैनाचं घर, तेही आण्णांचं. दिवस बुडाला की चूल बंद, कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर, आणि पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चेष्टा केली होती.

“आवं आण्णा, आमच्या माणात पाणी दिसलं की आधी हात जोडत्यात. गाळत कोण बसतंय?”

आण्णा हसले नाहीत. हातातलं दुहेरी पांढरं कापड मला दाखवून म्हणाले, “गाळणं सोपं हाय रं. म्होरचं अवघड. कापडावर जे जीव अडकत्यात, ते फेकायचे न्हाईत. कापड उलटं करायचं, वरनं गाळलेलं पाणी सोडायचं, आन् ते पाणी जिथलं तिथं परत घालायचं. त्याला जिवाणी म्हणत्यात. आपल्या तहानंपायी दुसऱ्याचं घर मोडायचं न्हाई.”

पुढं बघून बघून माझ्याही डोळ्यांना सवय झाली. आण्णा कुणाशी उसाच्या तोडीबद्दल बोलत असायचे आणि हात आपोआप चालायचे: ओतलं, गाळलं, कापड उलटं केलं, तांब्याभर पाणी सोडलं, जिथलं तिथं घातलं. झोपेतसुद्धा त्यांचं हे चुकलं नसतं.

आणि अशा घरात सम्मेदनं दारूचा ड्रम आणला.

म्हणजे इथेनॉल. कारखान्याच्या डिस्टिलरीतून, रीतसर परवाना काढून. पंपावरच्या पेट्रोलात आता ते असतंच, पण थोडं. सम्मेदला अर्धं पेट्रोल आणि अर्धं इथेनॉल अशा मिश्रणावर टर्बोची गाडी चालवायची होती. त्याचं म्हणणं साधं होतं. आपल्या चहूबाजूला ऊस. त्याच उसाच्या मळीवर आपल्या गाड्या का पळू नयेत, आणि त्या पळवणारं गॅरेज पुण्यात कशाला, इथंच का नसावं?

आण्णांनी ड्रम बघितला, वास घेतला आणि आत गेले. मद्य आधी कुजतं आणि मग होतं. कुजताना त्यात किती जीव जन्मतात आणि मरतात, त्याची मोजदाद नाही. म्हणून त्यांच्या घराण्यात दारूच्या दुकानाला कुणी गाळासुद्धा भाड्यानं दिला नव्हता. सम्मेदनं आक्काताईंना, म्हणजे आईला, समजावलं, “अगं, पेट्रोलमधी बी हेच असतंय.” आण्णा आतूनच बोलले, पण बायकोशी. “त्याला सांग, पेट्रोलातलं मला दिसत न्हाई. ह्यो ड्रम दिसतोय.”

तेव्हापासून त्यांनी मुलाशी बोलणं सोडलं. मधे दोन दिवाळ्या गेल्या. दिवस मावळायच्या आत दोघं समोरासमोर जेवायला बसायचे आणि आण्णा आक्काताईंना म्हणायचे, “त्याला इचार, भात वाढू का.” तो हाताच्या अंतरावर बसलेला! मी एकदा हसलो, तर सम्मेदचे डोळे भरलेले दिसले. मग पुन्हा कधी हसलो नाही.

आम्ही गाडीला लागलो. इथेनॉल जळताना गार जळतं आणि दाब सोसतं, पण लागतं जास्त. म्हणून मोठे इंजेक्टर बसवले. मग टर्बोचा दाब वाढवला, ठिणगी लवकर पडेल अशी केली. हे सगळं लॅपटॉपवरून. मी गाडी दाबायचो, तो शेजारी बसून आकडे बघायचा. थोडं चुकलं की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज यायचा. त्याला नॉकिंग म्हणतात. तो आवाज आला की पाय उचलायचा, नाहीतर पिस्टन गेलाच म्हणून समजा. किती वेळा पाय उचलला असेल! इंजिन एका ठोकलेल्या गाडीतून मिळालं होतं, तसं दुसरं मिळण्यातलं नव्हतं. सम्मेद त्याला लेकरासारखा जपायचा.

आणि एक दिवस गाडी ओढायला लागली. कसली ओढायची! कडेगावच्या रस्त्याला मी पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली ती सुटेना. आवाज स्वच्छ. सम्मेद लॅपटॉप मिटून नुसता हसत बसला होता. माझ्या आयुष्यातला तो चांगला दिवस होता, आणि तसे मला फार मिळालेले नाहीत.

साताऱ्याचे विश्वजित म्हणून एक आहेत. त्यांचा पुण्यात गाड्या इथेनॉलवर चालण्याजोग्या करून द्यायचा मोठा कारखाना. त्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, पवनचक्क्यांच्या पठारावर चढणारा रस्ता आहे, तो तुमची गाडी माझ्यासमोर दमदार चढू दे. चढली तर ह्या सगळ्या ऊसपट्ट्याचं ट्यूनिंगचं काम तुमच्या गॅरेजला. न चढली तर राम राम. सम्मेदनं रात्रंदिवस एवढ्यासाठीच काढलेले. चढली तर तो आईबापाजवळ, आपल्या रानात राहून आवडीचं काम करणार होता. न चढली तर पुण्यात कुणाची तरी नोकरी.

आदल्या दिवशी दुपारी त्यानं मिश्रण तयार केलं, काचेच्या नळीत घेऊन उजेडात बघितलं. काचेसारखं नितळ. पत्र्याच्या कॅनमध्ये भरलं, झाकण घट्ट लावलं. जेवताना आक्काताईंना म्हणाला, “आई, आता फकस्त घाणीची भीती वाटती. मागं कॅनमधल्या कचऱ्यानं इंजेक्टर तुंबला हुता. उद्या तसं झालं तर सगळं संपलं बघ.” आण्णा समोर जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सकाळी आम्ही गाडी टेम्पोवर चढवली. टाकी मुद्दाम रिकामी ठेवली होती, इंधन वर गेल्यावर भरायचं होतं. कॅन टेम्पोत ठेवला. इतक्यात आण्णा बस्तीतून, म्हणजे त्यांच्या देवळातून आले, हातात केशरी गंधाची वाटी. त्यांनी बॉनेटला गंध लावलं. मग सम्मेदच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, “सांभाळून जा. हुईल चांगलं.”

सरळ त्याच्याशी बोलले. मधे आक्काताई नाही, कुणी नाही. सम्मेद वाकून पाया पडला तो उठेचना. मी टेम्पोचा हॉर्न वाजवला, नाहीतर तिथंच दुपार झाली असती. साताऱ्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मधेच म्हणाला, “धनादा, आण्णा बोलले.”

“ऐकलं की गड्या. मी काय बहिरा हाय का?”

पठाराच्या पायथ्याला गाडी उतरवली आणि सम्मेदनं टाकीत कॅन ओतला. एरवी तो भरायच्या आधी नळीत घेऊन बघायचा. त्या दिवशी बघितलं नाही. काल बघितलं होतं, झाकण घट्ट होतं, आणि बाप बोलला होता. आनंदात माणूस ढिला पडतो.

विश्वजित वरच्या वळणावर उभे होते. मी चावी फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली, चालू झाली, पण अडखळत. “थंडीमुळं आसंल,” सम्मेद म्हणाला. पहिलं वळण रडतखडत गेलं. दुसऱ्या वळणानंतर एकदम मोकळी झाली आणि उसळली. मला बरं वाटलं. मी पाय दाबला. टर्बोची शीळ चढत गेली आणि तिच्या खालून फुटाणे वाजले.

“सोड! धनादा, सोड!”

मी सोडला होता. पण फुटाणे वाजणं आणि फुटणं ह्यांत वेळ तो कितीसा असतो? एक दणका बसला, मग घरघर, मग मागं निळा-पांढरा धूर. गाडी चढावर थांबली. वर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या, त्यांचं काही अडलं नव्हतं.

विश्वजित खाली आले. माणूस वाईट नाही. सम्मेदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “होतं असं कधी कधी.” मग “कळवतो” म्हणाले. कळवतो म्हणजे काय, हे न कळण्याइतके आम्ही लहान नव्हतो.

ते गेल्यावर सम्मेदनं टाकीतलं थोडं इंधन प्लॅस्टिकच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. वर पिवळसर थर, खाली गढूळ थर. मधे सरळ रेघ.

“पाणी,” तो म्हणाला. “इथेनॉल पाण्याबरुबर खाली बसलं, पेट्रोल वर सुटं झालं. आधी ती पाणचट दारू आली म्हणून खोकली. मग नुसतं पेट्रोल आलं, आन् आपलं सेटिंग इथेनॉलचं. पिस्टन कसा ऱ्हाईल?”

“पाणी आलं कुठनं पण?”

त्याला कळेना, मलाही कळेना. मी डिस्टिलरीला शिव्या दिल्या, टेम्पोवाल्याला दिल्या. शेजारच्या गॅरेजवाल्या मानसिंगला तर त्याच्या सात पिढ्यांसकट दिल्या. कुणीतरी दावा साधला, ह्याबद्दल मला शंका नव्हती. येताना सगळ्या वाटेत मी त्याला कसा धरायचा आणि कसा बदडायचा, हे ठरवत होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. आण्णा रस्त्यावर उभे. आक्काताई म्हणाल्या, “जेवलं न्हाईत. पोरगं आल्यावर बरुबर बसतो म्हणालं, आन् दिवस बुडाला.” म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत उपास. आण्णांनी टेम्पोवरच्या गाडीकडं बघितलं, मग मुलाच्या तोंडाकडं.

“न्हाई चढली?”

सम्मेदनं मान हलवली.

“कचरा आला का रं?” आण्णांनी विचारलं. “पण मी तर पहाटं सगळं गाळून दिलं हुतं. तू आईला म्हणालास न्हवं, घाणीची भीती वाटती म्हणून? नवं कापड घेतलं. कॅन विसळला. गाळलं, कापड उलटं करून पाणी सोडलं, आन् ती जिवाणी बी त्यातच परत घातली, नेमानं. एक कण ठिवला न्हाई बघ.”

मी तोंड उघडलं. देवाशपथ, मी बोलणार होतो. एवढं वाटोळं झालं आणि कुणी बोलायचंच नाही? पण सम्मेदनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दोन दिवस दुखत होतं.

“कचरा न्हवता, आण्णा,” तो म्हणाला. “लय सोच्छ हुतं. इंजिनच जुनं.”

आण्णांनी श्वास सोडला. “मग माझं काय चुकलं न्हाई ना?”

“न्हाई. तुमचं काय चुकतंय?”

“म्होरच्या खेपंला बी मीच गाळून दीन.”

“व्हय आण्णा. तुमीच द्या.”

नंतर गॅरेजात मी त्याच्यावर ओरडलो. सांगायला नको होतं का, म्हणालो, बापाला कळायला नको का? तो फुटलेला पिस्टन हातात घेऊन बसला होता. म्हणाला, “सांगितलं तर ते मरंस्तोवर माझ्याशी बोलणार न्हाईत. माझ्यावर रागावून न्हवं, सोतावर. आता कुठं बोलल्यात, धनादा.” मला राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

विश्वजितांनी कळवलं नाही. काम कोल्हापूरच्या कुणाला तरी गेलं. सम्मेद पुण्याला एका शोरूममध्ये लागला. गिऱ्हाइकाला गाडीचे रंग दाखवतो. इंजिनाला हात लावायचा नाही, असा तिथला नियम आहे. दर रविवारी फोन करतो. आण्णा फोनवर त्याच्याशी भरभरून बोलतात, फोन आक्काताईंच्या हातात जाऊच देत नाहीत. पुढच्या खेपेला कवा यायचा, हे न चुकता विचारतात.

मी गॅरेज कसंबसं चालवतो. विहिरीवरच्या मोटारी, फटफट्या. गाडी ताडपत्रीखाली आहे. ती पुन्हा चालणार नाही, आणि हे आण्णा सोडून सगळ्यांना माहीत आहे. कोपऱ्यात इथेनॉलचा ड्रम तसाच राहिला, अर्धा भरलेला.

आण्णा रोज सकाळी पूजा आटोपून येतात. पांढरं कापड, तांब्या, बादली. ज्या ड्रमापायी त्यांनी मुलाशी बोलणं सोडलं होतं, त्याच्यासमोर मांडी घालून बसतात. थोडं काढतात, गाळतात, कापड उलटं करतात, गाळलेलं पाणी वरून सोडतात, जिथलं तिथं परत घालतात. ड्रमाचं झाकण उघडंच राहतं. सम्मेद आल्यावर तयार असावं म्हणून. मी पाने आपटत असतो. रोज ठरवतो, आज सांगायचंच. मग त्यांचे हात बघतो आणि तोंड उघडत नाही.

परवा त्यांनी मला जवळ बोलावलं. ओंजळीत ड्रममधलं थोडं घेऊन माझ्या नाकापाशी धरलं. चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

“बघ धनाजी, हुंगून बघ. दारूचा वास पार गेला. आता कुठं शुद्ध झालं.”

मी हुंगलं. विहिरीचं पाणी.

“व्हय आण्णा,” मी म्हणालो.