दिवे नसलेली बोट

ब्लफ या बंदरगावाच्या धक्क्यावर खऱ्या बोटी असतील वीस-पंचवीस. अरेटाच्या खेळातल्या ब्लफमध्ये त्याहून एक जास्त होती, आणि ती कुठून आली हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

कॉम्प्युटरवरचा हा खेळ तसा जुनाट. बोट हाकायची, भरती-ओहोटी सांभाळायची, वाऱ्याशी भांडायचं, बस्स! पण त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचा, बदला, वाटा. अरेटाचा जीव त्यावरच होता.

"बंद कोडचा खेळ म्हणजे न फोडता गिळायचं पॅटिस," इन्व्हरकार्गिलच्या शाळेला जाणाऱ्या बसमध्ये ती ठणकावून सांगायची, कुणी ऐको न ऐको. "आत खिमा आहे की बुटाचा तळवा, कळणार कसं? खुल्या कोडात साधं भूतसुद्धा लपू शकत नाही!"

"तुझ्या तोंडालाही झाकण नाही, तेही खुलंच," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणायचं, आणि सगळी बस हसायची. अरेटाही हसायची.

ब्लफ बंदराचा मॉड, म्हणजे मूळ खेळावर चढवलेलं आपल्याच गावाचं हुबेहूब बंदर, डेझ नावाच्या म्हाताऱ्यानं एकट्यानं खपून केला होता. डेझ दोन वर्षांपूर्वी वारला आणि मॉड बेवारस झाला. मग या मार्चमध्ये मूळ खेळ सांभाळणाऱ्या होबार्टच्या फर्गसनं त्याच्या किल्ल्या सोळा वर्षांच्या अरेटाच्या हाती दिल्या. कुणाचा बदल घ्यायचा, कुणाचा परत पाठवायचा, हे आता ती ठरवणार!

"मग हार्बरमास्तरीणबाई," तिचे आजोबा जेवताना म्हणाले, "आमची होडी जरा पुढं बांधू द्याल का?" त्यांच्या भाषेत कोरो म्हणजे आजोबा; गावात सगळे त्यांना कोरोच म्हणत, तीही, आणि ते तिला मोको, म्हणजे नात.

"अर्ज करावा लागेल, कोरो. रीतसर."

तिच्यापुढे पहिलंच काम आलं ते तक्रार क्रमांक एक्केचाळीसचं. 'संध्याकाळी सहाला धुक्यातून एक काळी बोट येते. दिवे नाहीत. खाडीच्या तोंडाशी येऊन थांबते. आमच्या बोटी तिच्यावर आपटून बुडतात.' खाली अकरा जणांनी 'आमच्याही' असं लिहिलं होतं.

अरेटानं बोटींची यादी पाहिली. ती बोट यादीत नव्हती. चित्रांत नव्हती, नकाशात नव्हती. सगळं समोर उघडं, आणि बोट कुठेच नाही. शुक्रवारी दुपारी तिनं खेळातलं घड्याळ सहावर नेलं आणि खेळातल्याच धक्क्यावर उभी राहिली. धुकं आलं. धुक्यात आधी काहीच नव्हतं, मग एक जाडसर काळोख होता, मग त्याला नाळ फुटली, बोटीचं पुढचं टोक. बोट आवाज न करता आली आणि थांबली. डेकवर कुणी नव्हतं.

चहा घेऊन आलेले कोरो तिच्या खुर्चीमागे थबकले.

"त्या बोटीला दिवे का नाहीत?"

"बग आहे, कोरो. काढतेय."

कोरो चहा तिथंच ठेवून बाहेर गेले. अरेटाच्या मानेवर काटा आला खरा, पण उद्या नवी आवृत्ती काढायची होती, आणि नव्या कारभारणीनं पहिल्याच आवृत्तीत घाबरायचं? छे! बोट सापडेना, तर निदान झाडलोट करू, असं म्हणून तिनं न वापरलेल्या फायली शोधल्या. एका फाइलीत नुसते आकडेच आकडे. तिचं नाव सगळ्या कोडात शोधलं. कुठेच नाही. जे कुणी बोलवत नाही ते मेलेलं, हा कोड लिहिणाऱ्यांचा साधा नियम. तिनं फाइल उडवली. खेळ बिनतक्रार चालू झाला. शनिवारी आवृत्ती निघाली.

रात्रीच्या जेवणाआधी निरोप आला. 'काळी बोट गेली! शाब्बास!' मग दुसरा, मग पाचवा. फर्गसनं लिहिलं, 'पोरी, दोन वर्षं आम्हाला नाही जमलं. कसं केलंस?'

कसं केलं, ते तिला तरी कुठं माहीत होतं? तिनं लिहिलं, 'चिकाटी!' आणि पुढे एक डोळा मारणारा चेहरा टाकला.

रविवारी दुपारी समोरच्या घरातल्या आंटी नोलीन आल्या. सत्तरीच्या, ताठ, हातात चीज रोलची ताटली. रविवारी कोरोंकडे त्या नेहमीच यायच्या. आज बसल्या नाहीत.

"डेझचं ते बंदर आता तू बघतेस म्हणे?"

"हो, आंटी!"

"काल तो आला नाही."

"कोण?"

"कॉलिन."

कोरोंनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांच्याच तोंडून अरेटाला ते सारं कळलं, जे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. कॉलिन हा आंटींचा नवरा, डेझचा भाऊ. एका हिवाळ्यात ऑयस्टर, म्हणजे कालवं, घेऊन परतताना त्याची लॉरेल नावाची बोट समोरच्या सामुद्रधुनीत नाहीशी झाली. बोट मिळाली नाही, माणूस मिळाला नाही.

"तिच्या दिव्यांचं वायरिंग कुजलं होतं," आंटी म्हणाल्या. "त्याला महिनाभर सांगत होते, आधी वायरिंग बघ. माझं ऐकेल तर तो कॉलिन कसला. डेझनं माझ्या स्वयंपाकघरात कॉम्प्युटर लावून दिला. रोज सहाला आपोआप चालू होतो. मी बटाटे सोलते आणि बघते. काल बटाटे सोलून झाले, पण बोट आली नाही."

"मी... मी साफसफाई केली, आंटी. मला वाटलं, ती फाइल कुणालाच नको आहे."

"मला नाही विचारलंस, पोरी?"

कोरोंनाही अरेटानं विचारलं नव्हतं. दिव्यांचं विचारत ते मागे उभे होते, तेव्हाही नाही.

पण खुल्या कोडाची एक रीत आहे. पुसलेलं पुसलं जात नाही. कुणी, कधी, कोणती ओळ घातली किंवा काढली, सगळं इतिहासात राहतं. अरेटानं आंटींना शेजारी बसवलं आणि मागं मागं जात राहिली. डेझनं फाइलीचं नाव कोडात सबंध लिहिलंच नव्हतं, दोन तुकडे जोडून ते चालू खेळात तयार होत होतं. म्हणून तर शोधात सापडलं नाही. आणि फाइल नसली तर गप्प पुढं जा, असंही त्यानंच लिहून ठेवलं होतं.

फाइलीत एका ओळीला बोटीची एक जागा. पहिल्या दोनशे ओळी एकाच दिवशी घातलेल्या. लॉरेलच्या यंत्रानं किनाऱ्याला कळवलेली शेवटची वाट होती ती. ती खडकांबाहेर, उघड्या समुद्रात संपत होती.

त्यापुढच्या ओळी डेझच्या हातच्या. दर रविवारी एक, नऊ वर्षं. प्रत्येकीसोबत तेच दोन शब्द, 'थोडं जवळ.'

दर रविवारी एकेक बोटभर तो भावाला घरी आणत होता. शेवटची ओळ त्याच्या मरणाच्या आदल्या आठवड्यातली. बोट खाडीच्या तोंडाशी, धक्का हाकेच्या अंतरावर.

"हा शेवटचा आकडा कसला?" आंटींनी चष्मा वर करून विचारलं. "सगळीकडे शून्य आहे तो."

"दिवा. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे चालू."

आंटींनी त्या शून्याकडे बराच वेळ पाहिलं.

अरेटानं त्याच दुपारी फाइल परत आणली. फर्गसचा निरोप आला, 'अगं, एक्केचाळीस सुटली होती ना?'

'सुटली नव्हती,' तिनं लिहिलं. 'मी न बघता पुरली होती, आणि शाबासकी खाल्ली. माफ करा.' मग तिनं लॉरेलवरची टक्कर तेवढी बंद केली. आता बाकीच्यांच्या बोटी तिच्यातून आरपार जाणार होत्या.

पुढच्या रविवारी एक बदल मंजुरीसाठी येऊन पडला. पाठवणारीचं नाव नोलीन, खातं त्याच सकाळी उघडलेलं. एकच नवी ओळ. अरेटाला वाटलं, थोडं जवळ. पण जागा तीच होती. फक्त शेवटचा आकडा एक. आणि सोबत दोनच शब्द, 'वायरिंग केलं.'

बदल घेण्याआधी चालवून बघायचा, हा नियम. अरेटानं घड्याळ सहावर नेलं. कोरो येऊन मागे उभे राहिले. धुकं आलं, काळोखाला नाळ फुटली, लॉरेल आली आणि आपल्या जागी थांबली. मग नाळेपाशी दोन दिवे लागले, एक लाल आणि एक हिरवा.

"दोन्ही दिसतायत," कोरो हळूच म्हणाले.

"मग?"

"एका बाजूनं बघितलं तर एकच दिसतो, मोको. दोन्ही एकदम दिसले, म्हणजे बोटीचं तोंड सरळ आपल्याकडे."

"पण ती थांबलीय, कोरो. पुढं ओळच नाहीये."

कोरोंनी टोपी काढली. अरेटानं 'मंजूर' दाबलं, आणि हाताची बोटं टेकवून पडद्यावर लाल आणि हिरव्याच्या मधलं अंतर मोजलं. थोड्या वेळानं परत मोजलं, तर ते केसभर वाढलं होतं.

मग तिनं खुर्ची जराशी मागे घेतली, धक्क्यावर कुणाला उतरायला जागा करून द्यावी तशी.