राणीसाहेबांची मुलगी

शिडीच्या मध्यावर तिने कपाळ लोखंडाला टेकवलं आणि डोळ्यांपुढचे काजवे विझायची वाट पाहिली. वर क्रेनची केबिन होती, खाली ओतशाळेची तापलेली जमीन. एरवी ही शिडी ती गप्पा मारत चढायची. दिवसभर उंचावर बसते म्हणून कामगारांनी तिचं नाव घार ठेवलं होतं. सुपरवायझरने खालून काय झालं म्हणून विचारलं. ती एकेक पायरी खाली उतरली.

"आज मी क्रेन चालवणार नाही," ती म्हणाली. "वर मला घेरी आली, तर तुमच्या डोक्यावर वितळलेलं लोखंड लटकत असेल."

कारखान्याच्या डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, पंचविशीतल्या मुलीसारखा आहे असं कौतुक केलं आणि वजन उतरवायला सांगितलं. आधीच्या एकाने दमा ठरवून तोंडात मारायचा पंप दिला होता. त्याने जीभ कडू झाली, धाप तशीच राहिली. दुसऱ्याने चाळिशी आणि मनावरचा ताण यांची मोट बांधून झोपेच्या गोळ्या लिहिल्या. त्याला तिने तोंडावर सांगितलं होतं की मी जिना मनाने चढत नाही, पायांनी चढते.

घरीही कोणी वेगळं बोलत नव्हतं. आई गेल्यावर आत्याने तिला आणि दादाला मायेने वाढवलं, स्वतः अर्धपोटी राहून त्यांना भरवलं. पण भाची धाप लागून खुर्चीत टेकली की आत्या पुटपुटायची, "गेली आईच्या वळणावर." आई बादली घेऊन निघाली की जिन्यातच बसून राहायची. घरात सगळे तिला राणीसाहेब म्हणत. ती ऐन तारुण्यात, बसल्या जागी गेली, तेव्हाही कोणीतरी म्हणालं होतं, हृदय बंद पडायला त्याला कष्ट तरी कुठे पडले होते.

शेवटी ती स्वतःच मोठ्या इस्पितळात जाऊन बसली. छातीच्या डॉक्टर अबोल होत्या. त्यांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला, उमटलेला खळगा पाहिला, मानेची फुगलेली शीर पाहिली आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. मग समजावलं, की दंडावर मोजतात तो दाब वेगळा आणि फुप्फुसांतला वेगळा. फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडल्या की तिकडे रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या उजव्या बाजूची दमछाक होते. संशय त्याचाच होता. पण खात्रीसाठी मानेच्या शिरेतून नळी घालून थेट आतून दाब मोजायला हवा होता.

"मोजा," ती म्हणाली.

मान बधिर केली होती, पण ती जागी होती. नळी आत सरकली, पडद्यावर आकडा उमटला आणि डॉक्टरांनी तो असायला हवा त्याच्या तिप्पट असल्याचं सांगितलं. ती हसू लागली. घाबरलात का, असं नर्सने हळूच विचारलं.

"नाही हो. मी ढोंग करत नव्हते, म्हणून हसते."

फुप्फुसांत गुठळ्या नव्हत्या, दुसरं कारणही सापडलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला अशी धाप लागायची का, कमी वयात कोणी गेलं का. नाही म्हणता म्हणता ती अडखळली.

"आई जिन्यात बसायची," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हा आजार काही घरांत रक्तातून उतरतो, भावाचीही तपासणी व्हायला हवी, असं त्या म्हणाल्या.

घरी आत्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. इस्पितळातून आल्यावर तिने पिशवीही खाली ठेवली नाही.

"आई आळशी नव्हती, आत्या. तिला हाच आजार होता."

"गेलेल्या माणसाला आता कशाला नवी नावं चिकटवतेस?"

"नावं तुम्ही ठेवलीत. मी एक खोडतेय."

आत्याने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

दादाने मात्र हसण्यावारी नेलं. लोकांचं घरसामान हलवायचा त्याचा धंदा होता. पाठीवर कपाट घेऊन जिने चढणाऱ्याला कसला आलाय आजार, मला कशाला राणीसाहेब करतेस, असं तो म्हणाला. ती हात धुऊन मागे लागली, तो टाळत राहिला.

गोळ्या सुरू झाल्या. चेहरा तापायचा, डोकं ठणकायचं, पहिल्या घासाला जबडा आखडायचा. हा आजार बरा होत नाही, आवरता येतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने त्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे उचलले. कारखान्यातल्या साहेबांनी तिला कायमचं गोदामात बसवायचं ठरवलं, तेव्हा ती त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्ता बसते. डॉक्टर हो म्हणाल्या की वर चढेन, नाही म्हणाल्या तर खालून रिमोटवर चालवेन. पण क्रेन माझी आहे."

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा चालण्याची चाचणी ठेवली. ठरलेल्या वेळात ती इस्पितळाच्या लांब व्हरांड्यातून किती अंतर चालते, ते पाहून पुढचं ठरणार होतं. दादाने तिला टेम्पोतून आणलं. लिफ्टला गर्दी होती, म्हणून ती दादाला घेऊन मुद्दामच जिन्याने निघाली, शिवाय त्याला चिडवतही होती. नर्सने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. नुसता बसून काय करतोस, चल बरोबर, असं म्हणून तिने दादालाही उठवलं.

ती निघाली. मागच्या खेपेला जिथे भिंत धरली होती, तो दरवाजा मागे पडला, पुढचाही पडला. छातीत हवा होती. हेच पाऊल आता शिडीवर पडणार, असं वाटून तिने वेग वाढवला. दादाला काहीतरी सुनवावं म्हणून ती वळली, तर शेजारी कोणी नव्हतं.

तो बराच मागे, भिंतीशी गुडघा टेकून बसला होता. मान खाली, हात बुटावर.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "नाडी सुटलीय."

त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

थांबू नका, वेळ चालू आहे, असं नर्स पलीकडून सांगत होती. ती मागे फिरली. दादापाशी जमिनीवर बसली, बोटाचा चिमटा काढला आणि तो त्याच्या बोटाला लावायला तळहात पुढे धरला. त्याने एकदा नर्सकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. मग बुटावरचा हात उचलून तिच्या हातात दिला.