अळूच्या पानाचा पत्रा

तानाबाताच्या सणाला पहाटे अळूच्या पानांवरचं दव गोळा करायचं, त्यात शाई उगाळायची आणि मनातली इच्छा कागदाच्या पट्टीवर लिहायची, हे चिझुरूला वडिलांनी, योशिझोनं, शिकवलं. पान जरा वाकवलं की थेंब पानाला न भिजवता वाटीत घरंगळायचा. किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा त्सुबामे गावातल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी स्टीलला पॉलिश करायची चाकं घरघरत, आणि झिलई म्हणावी तर योशिझोची, असं सगळं गाव म्हणे.

आता गल्ली चिडीचूप झाली होती. आई गेल्यापासून योशिझोनं चाकाला हात लावला नव्हता. घरचा पॉलिशचा कारखाना विकायची बोलणी सुरू झाली, तेव्हा चिझुरू टोकियोतली नोकरी सोडून घरी आली. अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. तसेच तिनं आम्लाच्या साह्यानं स्टीलच्या पत्र्यावर उठवले. पाणी सोडाच, सोया सॉससुद्धा त्यावर ठरेना. आज सॉसच्या कंपनीची माणसं आपल्या टाक्यांसाठी तो पत्रा बघायला येणार होती. त्यांना पटला तर कारखाना वाचणार होता.

सकाळी चाकाच्या घरघरीनं तिला जाग आली. तो आवाज ऐकून आधी तिचा जीव हरखला, आणि मग पत्रा आठवून ती धावतच कारखान्यात गेली.

"उठलीस?" योशिझोनं पत्रा पुढे केला. त्यात तिचा चेहरा लख्ख दिसत होता. "असला कळकट पत्रा पाहुण्यांना दाखवणार होतीस? माझं नाव घालवशील!"

उंचवटे साफ गेले होते. दुसरा पत्रा करायला वेळ नव्हता. बाबांचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी फुलला होता.

"छान झालाय, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

पाहुणे आले. योशिझो इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात उभा राहिला. पाहुण्यांनी स्वतःच पत्र्यावर सॉस ओतला. तो पसरला आणि तिथंच चिकटून बसला.

"माफ करा, चूक माझी," चिझुरू कमरेत वाकून म्हणाली. "हौसेनं मीच पॉलिश केलं, त्यात उंचवटे घासले गेले."

"विचार करून बघतो," पाहुणे म्हणाले. म्हणजे नाहीच.

ते गेल्यावर योशिझो बराच वेळ पत्रा पुसत राहिला.

"म्हणे मीच पॉलिश केलं!" तो एकदम खेकसला. "अगं, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोल. इतकी झिलई तुला सात जन्मांत जमायची नाही."

आणि मग त्यानं पत्रा तिच्या हातात दिला. "पुढचा पत्रा माझ्यापासून कुलपात ठेव, पोरी. करशील ना पुढचा?"