खारीज कपाट

परत करण्याची तारीख:
परत करण्याची तारीख:
परत करण्याची तारीख:

शेवटच्या पानावर चिकटवलेली चिठ्ठी अशी कोरी. मराठीच्या कपाटातल्या सगळ्याच पुस्तकांची. कौस्तुभ एकेक पुस्तक उघडत होता, चिठ्ठी पाहून मिटत होता. उघड, मीट. कोंबडीची पिसं उपटावी तसं.

"मॅडम, नऊ साल में एक भी इश्यू नाही? तीन वर्षं कोणी नेलं नसेल तर पुस्तक खारीज. नियम आहे."

वसुंधरा काउंटरमागे उभी होती. सतरा वर्षं ती या वाचनालयात कंत्राटावर ग्रंथपाल होती. कौस्तुभला समितीवर येऊन सतरा दिवस झाले होते. हे कपाट हटवून तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी खुर्च्या टाकायच्या, हा त्याचा पहिला ठराव. चार वाजता जामुलच्या रद्दीवाल्याचा टेम्पो येणार होता.

"आणि एकशे बारांतली एक्केचाळीस गायब. त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे कोंबलेले. तो कचरा मी सकाळीच फेकायला लावला."

कचरा.

थांबा. कचरा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

सदस्य व्हायचं तर पोलादाच्या प्लांटमधल्या पक्क्या नोकरदाराची हमी लागते. कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या बायकांनी ती कुठून आणावी? त्यांचे नवरे भंडारा-गोंदियाकडून इकडे हिंदी मुलखात आले, भट्टीपुढे भाजले, निवृत्त झाले, बरेचसे गेले. मुलं ठेकेदाराकडे. नऊ वर्षांपूर्वी सिंधुताई पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांचं बोट फॉर्ममधल्या हमीदाराच्या रकान्यावर अडलं. "बाई, यांचा प्लांटमधला टोकन नंबर सांगू का? मले तेवढाच पाठ आहे." दवाखान्यात, क्वार्टरच्या ऑफिसात, सगळीकडे त्या नंबरावरच बाईची ओळख पटायची. नवरा गेला, नंबर जिभेवर राहिला. वसुंधराने उदबत्तीचं खोकं कापलं, पुठ्ठ्यावर तो नंबर लिहिला आणि पुस्तक काढलेल्या फटीत तो पुठ्ठा उभा केला. पुस्तक आलं की पुठ्ठा काढायचा. रजिस्टरात नोंद नाही, चिठ्ठीवर शिक्का नाही. समितीला कळलं तर बंद करतील, म्हणून.

मग मैनाबाई आली, अंजनाबाई आली, वीस-बावीस जणी आल्या. नऊ वर्षांत एक पुस्तक बुडालं नाही.

आणि कागदावर एक पुस्तक हललं नाही.

रागाने तिचे कान तापले. कौस्तुभवर राग होताच. पण खरा राग स्वतःच्या हातांवर. शिक्का मारला असता तर! एकदा भांडली असती समितीशी, तोंडावर! चोरून दिलेली दया. तिनेच कपाट मारलं होतं, पुठ्ठ्यापुठ्ठ्याने.

"मी पण मराठीच आहे, मॅडम," कौस्तुभ हळू आवाजात म्हणाला. "एक्केचाळीस पुस्तकं वाळवीने खाल्ली, असं लिहून सही करा. तुमचं कंत्राट सेफ. नाहीतर चोरीचा रिपोर्ट जाईल."

वाळवी. सिंधुताई वाळवी. मैनाबाई वाळवी.

तिने कागद घेतला. सही केली नाही. कागदाखाली खारीज करण्याचे नियम छापले होते, ते वाचले. सहावा नियम दोनदा वाचला. मग फोन उचलला.

"सिंधुताई, पुस्तकं घेऊन या. सगळ्या या. आत्ताच्या आत्ता."

"कावून बाई? काही झालं का? मी पोळ्या करून राहिली."

"तवा उतरवा."

साडेतीनला त्या आल्या. दोन ऑटोंतून एकोणीस जणी. कोणाच्या पिशवीत, कोणाच्या पदराखाली पुस्तकं. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, हळदीची बोटं उमटलेली. एक्केचाळीस. एकही कमी नाही.

"हे पहा," कौस्तुभ म्हणाला, "बिना कार्डाची पुस्तकं यांच्या घरात होती. म्हणजे चोरीच ना?"

"कोणाले चोट्टी म्हणून राहिला रे तू?" मैनाबाई पुढे सरसावली. "चोर असतो तर परत आणून दिली असती का? तुह्या मायले विचार, चोरी काय असते ते!"

वसुंधराने मोठं रजिस्टर उघडलं. शिक्क्याची तारीख फिरवून पंधरा दिवसांनंतरची केली.

"बोला, सिंधुताई. नंबर."

"चौदा हजार सातशे बारा."

सदस्य क्रमांकाच्या रकान्यात तिने शाईने लिहिलं. १४७१२. चिठ्ठीवर शिक्का. ठाप्.

"मॅडम, ये क्या कर रहे हो? हे मेलेल्या माणसांचे नंबर आहेत!"

"वाचणाऱ्या तुमच्यासमोर उभ्या आहेत. मोजा."

"एका नंबरावर दोनच पुस्तकं मिळतात!"

ती थांबली. हे खरं होतं. एकोणीस दुणे अडतीस. आणि पुस्तकं एकशे बारा.

"माझ्या सासऱ्याचाबी नंबर हाये," अंजनाबाई म्हणाली. "नऊ हजार एकशे तीन."

"दिराचा लिहा, बाई. कोक ओव्हनच्या भट्टीत गेला तो. बावीस हजार चाळीस."

"माह्या बापाचा."

"जेठाचा."

९१०३ ठाप् २२०४० ठाप् १८३६६ ठाप्
ठाप्
ठाप्

नंबर येत होते, कोणी न अडखळता, कोणी डोळे मिटून. वसुंधराचा हात भरून आला तरी ती शिक्का असा आपटत होती की काउंटरवरचा पाण्याचा ग्लास हलत होता. कौस्तुभने समितीवाल्यांना फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला.

चार वाजून दहा मिनिटांनी टेम्पोवाला दारात आला. "साहब, क्या लोड करना है?"

कपाट रिकामं होतं.

"सहावा नियम," वसुंधरा म्हणाली, "तुमच्याच कागदावर आहे, सर. इश्यू असलेलं पुस्तक परत येईपर्यंत खारीज करता येत नाही."

"पंधरा दिवसांनी येतीलच ना परत! आणि तुम्ही मात्र उद्यापासून इथे नसाल. खोट्या नोंदी आहेत या."

"रिपोर्ट करा. नंबर सगळे लिहिलेत, एकेक तपासा. नऊ वर्षं लिहिले नव्हते, त्याचाही रिपोर्ट करा. तो गुन्हा माझाच."

 

रांगेत शेवटी सिंधुताई पुन्हा उभ्या राहिल्या. दोन पुस्तकं छातीशी. "बाई, हे कधी आणून द्यायचं? तुम्ही नसान तर कोणापाशी?"

वसुंधराने चिठ्ठीवरची तारीख बोटाने दाखवली. शाई अजून ओली होती.

"इथंच, सिंधुताई. याच काउंटरवर. जो बसला असेल त्याच्यापुढे सगळ्या एकदम या. आणि पुस्तक हातातून सोडायच्या आधी पुढच्या पंधरा दिवसांसाठी नंबर सांगा. मोठ्यानं. आणि तो लिहीपर्यंत हलू नका."